काकांच्या बरडातली रेल्वे

खामगावहून जलंबला जाणाऱ्या गाडीचा फोटो घ्यायचा असेल, तर तिला वळणावर गाठावं. सरळ रुळावर समोरून तिचं नुसतं तोंड येतं. बाजूनं घ्यावा तर दोन-तीन डब्यांची ती गाडी एवढ्या मोठ्या काळ्या रानात हरवून जाते. वळणावर मात्र ती पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकदम दिसते, पंगतीला बसल्यासारखी. गाव सुटल्यावर कपाशीच्या वावरांमधून जाताना असं एक वळण लागतं. माझे बहुतेक फोटो तिथलेच आहेत.

मुंबई-नागपूरच्या मोठ्या मार्गावर जलंब आहे, आणि तिथून खामगावपर्यंत आलेला हा छोटा फाटा. कापूस नेण्यासाठी टाकला होता, असं जुने लोक सांगतात. चहा पिऊन होईपर्यंत संपतो असा प्रवास. पण ज्याच्या गावात रेल्वेच नाही त्याला एवढा फाटाही पुष्कळ वाटतो. मी चिखलीच्या पुढच्या, रस्त्यापासून आत असलेल्या एका गावचा. आमच्याकडे एसटीनं जायचं आणि एसटीनंच यायचं. बारावीनंतर कॉलेजसाठी खामगावला आलो, तेव्हा खोलीतून गाडीचा भोंगा ऐकू यायचा आणि मी पुस्तक बाजूला ठेवून बाहेर यायचो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे पुस्तक बाजूला ठेवताना अपराध्यासारखंही वाटायचं.

लग्नसराईत मी एका फोटो स्टुडिओत काम करायचो. मंडपात नवरा-नवरीवर लाइट धरायचं काम. स्टुडिओच्या मालकांनी मला फक्त लाइट धरायला ठेवलं होतं, पण रिकाम्या वेळी त्यांनी कॅमेऱ्याची सगळी विद्या शिकवली. पुढं मला शाळेत नोकरी लागली तेव्हा स्वतःचा जुना कॅमेरा पेढ्यांच्या पुड्यासारखा हातात ठेवला. म्हणाले, "आता लग्नं सोडून काही तरी काढ." मी गाडी काढायला लागलो. दर रविवारी सकाळी वळणावर. पहिल्या वर्षी ते माझे फोटो बघायचे आणि म्हणायचे, "लेका, नवरीचे नसतीन निघत एवढे या गाडीचे काढले तू." त्यांचे उपकार माझ्यावर आहेत. ते अशा बोलण्यानं कधी जड होऊ दिले नाहीत त्यांनी.

यातले काही फोटो मी गावी नेले. आईनं एक देवघराशेजारी लावला. येणारे-जाणारे पाहायचे. हळूहळू गावात माझी ओळख 'रेल्वेचा माणूस' अशी झाली. शाळेत शिकवतो हे सांगून उपयोग नव्हता. गाडीजवळ रोज उभा राहतो त्याला गाडीतलं सगळं कळतं, असा लोकांचा हिशोब होता. त्याच हिशोबानं एकदा काकांनी मला बोलावणं पाठवलं.

त्याआधी आमच्या वाटणीचं सांगायला हवं.

खामगावला संपलेले हे रूळ पुढं चिखलीवरून जालन्याला जाणार, हे आमच्या भागात प्रत्येकानं लहानपणापासून ऐकलेलं आहे. आजोबांनीही ऐकलं होतं. मोजणीची माणसं अधूनमधून यायची, तिपाईवरच्या दुर्बिणीतून पाहायची, झेंडे लावायची, दगड पुरून चुना मारून जायची. निवडणूक आली की पेपरात बातमी यायची. मग सगळं शांत.

मी अगदी लहान असताना अशीच मोजणी आमच्या बरडातून गेली. आमची जमीन दोन तुकड्यांत होती. ओढ्याकाठचं काळं वावर, लहान पण विहिरीचं. आणि टेकाडाकडचं बरड, मोठं पण खडकाळ, कोरडवाहू. त्या बरडाच्या बरोबर मधून चुन्याच्या दगडांची ओळ गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबा आणि काका वेगळे झाले. आमच्याकडे वाटणीची रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे पाडणाऱ्याच्या हातून लबाडी होत नाही. बाबा थोरले. त्यांनी काळं एकीकडे आणि बरड दुसरीकडे ठेवलं. त्यांना वाटलं, काका विहीर घेतील. चार पंचही तसंच समजून सुपारी फोडून बसले होते. काकांनी बरड उचललं.

गावानं काकांना हुशार म्हटलं. लाइन येणार, लाइन आली की स्टेशन येणार, स्टेशनाला रस्ता येणार. काकांनी चहाच्या दुकानाची जागासुद्धा दाखवून ठेवली होती.

रेल्वे आली नाही. आमच्या विहिरीवर बाबांनी गहू घेतला, कांदा घेतला, मेथी-कोथिंबीर चिखलीच्या बाजाराला पाठवली आणि मला शिकवलं. काकांचं बरड पावसाच्या भरवशावर. सोयाबीन आणि तूर, तीही पाऊस म्हणेल तशी. काका त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. बाबा मात्र दर वर्षी नवा गहू आला की पहिलं पोतं काकांकडे पाठवायचे, आणि काका ते ठेवून घेऊन तुरीची डाळ परत पाठवायचे. दोघंही एकमेकांच्या वावरात कामाशिवाय जात नसत. माझी पदवी त्या विहिरीच्या पाण्यावर झाली, आणि ती विहीर काकांना उचलता आली असती. हे घरात कुणी म्हणायचं नाही, पण पोतं उचलून द्यायला मला सांगितलं की मला ते आठवायचं.

मी बोलावण्यावरून गेलो तेव्हा काकांच्या ओट्यावर काका, त्यांचा मुलगा आणि बाबा असे तिघं बसलेले होते. चुलतभावाचं लग्न नुकतंच झालं होतं. त्यानं काकांना सांगून टाकलं होतं, या उन्हाळ्यात बरडात विहीर पाडा, नाही तर मी बायकोला घेऊन पुण्याला कंपनीत जातो. काका विहिरीला तयार झाले. पाणी पाहणारा माणूस बोलावला. तो तळहातावर नारळ ठेवून सगळं बरड फिरला, आणि नारळ उभा राहिला तो चुन्याच्या दगडांच्या ओळीत. बरोबर मधे. काकांनी त्याला पुन्हा फिरवलं. नारळ पुन्हा तिथंच उभा राहिला. काका म्हणाले, जरा बाजूला पाहा. तो म्हणाला, पाणी तुमच्या मनानं वाहत नाई.

"आता तूच सांग बे," काका मला म्हणाले. "लाइन येऊन राह्यली का नाई?"

"काका, मले काय माहीत. मी फोटो काढतो."

"तेच तं. रोज राह्यतं तू तिच्यापाशी. काही तं बोलत असतीन लोकं."

"हाव," चुलतभाऊ म्हणाला, "इंजिन येऊन सांगते त्याच्या कानात."

"तू गप बस. अरे, विहीर पाडली न् लाइन तिथूनच आली तं? बुजवतीन ते. माणसाचं सगळं आयुष्य त्या भोकात गेलेलं राह्यीन."

"न् नाई आली तं?" चुलतभाऊ म्हणाला. "मी तं चाललो पुण्याले. तुम्ही राहा दगडं मोजत."

 बाबा ओट्याच्या कडेला बसून पायानं माती सारखी करत होते. काका एकदा त्यांच्याकडे पाहून मला म्हणाले, "मी येतो खामगावले. मले पाहू दे, रूळ कुठीसा थांबले."

काका पुढच्याच शनिवारी एसटीनं आले. पिशवीत तुरीची डाळ आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. पाणी पिऊन लगेच म्हणाले, चाल. मी त्यांना स्टेशनावर नेलं आणि फलाटाच्या पलीकडे, जिथं रूळ संपतात तिथं नेलं. तिथं पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं. एक लोखंडी अडसर, त्यावर लाल रंग, आजूबाजूला गवत, पुढं बाभळी आणि त्यापुढं एक भिंत. भिंतीपलीकडे घरं होती. कुणी तरी गच्चीवर कपडे वाळत घातले होते.

काका खाली बसले. रुळाच्या टोकावर त्यांनी हात ठेवला, गुराच्या पाठीवर ठेवावा तसा. मग उठून दक्षिणेला तोंड करून उभे राहिले.

"इकडूनच चिखली ना?"

"हाव, साधारण."

"मंग भिंत काऊन बांधली?"

 स्टेशनाबाहेरचा चहावाला मला ओळखायचा. चहा पिताना काकांनी त्याला विचारलं, "जालन्याची लाइन कधी निघते?" तो म्हणाला, "बाबाजी, माहा बाप इथं चहा विकत होता तवा निघत होती. अजून निघूनच राह्यली. बसा, साखर देऊ का अजून?" काका हसले नाहीत. परत येताना ते म्हणाले, "आपल्या बरडात दगड हाय. इथं तं एक दगडबी नाई बे." एवढंच. जेवताना माझ्या बायकोनं त्यांना सूनबाईबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, सून चांगली आहे, पहाटे उठून पाण्याला जाते, पोरगा म्हणतो ते खोटं नाही. मग भाकरीचा तुकडा तसाच हातात ठेवून म्हणाले, "तो गेला तं मी एकटाच पाहू का गाडी?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. माझ्या नेमाप्रमाणे मी वळणावर जाणारच होतो. काकांना मोटारसायकलवर मागं बसवलं आणि घेऊन गेलो.

वळणाच्या आतल्या बाजूला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं वावर आहे. इतकी वर्षं त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहतो म्हणून ते मला फोटोवाले सर म्हणतात. त्या दिवशी ते विहिरीवरच होते. ही विहीर रुळांपासून अगदी जवळ, दगडानं बांधलेली, कडेला पिंपळाचं रोप फुटलेलं. तिच्यावरचे पाइप, वायर, काटेरी कुंपण फोटो बिघडवतात म्हणून मी नेहमी अशा जागी उभा राहायचो की ती चौकटीत येऊ नये. माझ्या इतक्या सगळ्या फोटोंत ती कुठंच नव्हती.

गाडी आली. मी माझ्या जागेवरून फोटो घेतले. चालकानं ओळखून हात केला. वळून पाहिलं तर काकांची गाडीकडे पाठ होती. ते विहिरीत डोकावत होते.

"विहीर जुनी दिसते, पाटील," ते शेतकऱ्याला म्हणाले.

"आज्याच्या आज्यानं पाडली. लाइनीच्या आधीची हाय ही."

"लाइनीच्या आधीची?"

"मंग काय. साहेब लोकं लाइन टाकाले आले तवा म्हणे, विहीर बुजवा. आमचा म्हातारा काठावर जाऊन बसला. म्हणे, आधी मले बुजवा. दोन-चार दिवस बसला म्हणते. मंग साहेबानं लाइनच वळवली." त्यांनी हातानं रुळांचा बाक दाखवला. "हे वळण दुसरं कशाचं हाय? एवढ्या सपाट वावरात काय काम होतं लाइनीले वळाचं?"

ही गोष्ट मी त्यांच्याकडून पूर्वीही ऐकलेली होती. पुढं नाला आहे, तो सोयीच्या जागी ओलांडायचा म्हणून रूळ वळले असावेत असा माझा अंदाज. पण तोही अंदाजच. काकांनी ती गोष्ट त्यांना पुन्हा सांगायला लावली. मग ते रुळांच्या कडेनं थोडं पुढं चालत गेले, वळण जिथं सुरू होतं तिथं उभे राहिले, तिथून विहिरीकडे पाहिलं, पुन्हा परत आले.

"खरं असीन का बे?" त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

मी शिक्षक माणूस. मुलांना रोज सांगतो, ऐकलेलं तपासून घ्या. पण काकांच्या तोंडाकडे पाहून मला एवढंच म्हणता आलं, "वळण तर आहे, काका. विहीरही आहे."

"हाव," ते म्हणाले. "दोन्ही हाय."

मग त्यांनी मला विहिरीसकट फोटो काढायला सांगितलं. त्यासाठी पुढच्या गाडीपर्यंत थांबावं लागलं. शेतकऱ्यानं आम्हाला बोरं दिली आणि काकांनी त्यांच्याकडून विहिरीचं सगळं काढून घेतलं, किती खोल, खडक कुठं लागला, उन्हाळ्यात पाणी कुठवर जातं. मी दुसऱ्या अंगाला जाऊन कुंपणाला चिकटून उभा राहिलो. तिथून पहिल्यांदाच मला ते वळण नीट दिसलं. समोर विहिरीचा गोल काठ, त्यावर बसलेले दोन म्हातारे, आणि मागून काठाला धरून फिरल्यासारखी येणारी गाडी. फोटो चांगला आला. माझ्या हातून निघालेल्या चांगल्या फोटोंपैकी तो एक, आणि तोच मी इतकी वर्षं टाळत आलो होतो.

दुपारी आम्ही गाडीनं जलंबला जाऊन आलो. काकांनी खिडकीची जागा पकडली.  वाटभर ते दोन्ही बाजूंच्या विहिरी पाहत होते. स्टुडिओतून फोटो छापून घेतला आणि संध्याकाळच्या एसटीनं ते गेले. चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, "काय पाजलं बे तू बुढ्याले? सकाळी उठून दगडाच्या मधात कुदळ मारून आला."

विहीर नारळ उभा राहिला तिथंच पाडली. चुन्याचे दगड काकांनी हलवू दिले नाहीत. गाव हसलं. बुढ्यानं रेल्वेच्या पोटात विहीर पाडली, असं पारावर चालायचं. कुणी तोंडावर विचारलं की काका खिशातून फोटो काढून दाखवायचे आणि म्हणायचे, पाह्य, इंग्रजानंबी वळवली. आपले लोक काय त्यायच्यापेक्षा आडमुठे हाय का. खडक कठीण लागला. मधे बरेच दिवस नुसता कोरडा मुरूम वर येत होता आणि चुलतभावानं पुण्याच्या मित्राला फोनही करून ठेवला होता. काका रोज काठावर जाऊन बसायचे.

पाणी लागल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. रविवारी गावी गेलो आणि बाबांना म्हटलं, चला, पाहून येऊ. बाबा लगेच उठले. पायात चपला घालेपर्यंत त्यांनी मला दोनदा विचारलं, पाणी किती आहे.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. जलंबच्या फाट्यावर विजेच्या तारा आल्या, वळणावर खांब उभे राहिले, आणि खांब टाळून गाडीचा फोटो घेणं अवघड झालंय. ते विहिरीवाले म्हातारे आता नाहीत. माझ्या शाळेतली मुलं मोबाइलवर गाडीचे फोटो काढून मला दाखवतात, ते माझ्यापेक्षा बरे असतात. मी अजूनही काही रविवारी जातो. जालन्याची लाइन अजून येतेच आहे. चुलतभाऊ पुण्याला गेला नाही. बरडात मिरची करतो, आणि त्याची मुलगी आता पाचवीत आहे.

बाबांना घेऊन पाणी पाहायला गेलो त्या दिवशीचं मात्र सगळं जसंच्या तसं आठवतं. वाटणीनंतर बाबा असे कामावाचून बरडात पहिल्यांदाच आले होते. ते विहिरीच्या काठावर ओणवे झाले आणि बराच वेळ खाली पाहत राहिले. पाणी गढूळ होतं, फार नव्हतं, पण हलत होतं. खाली झरा होता. चुलतभावानं दोरीनं बादली काढली. बाबांनी ओंजळीत घेऊन पाणी तोंडाला लावलं, थुंकलं नाही, तसंच माती-मुरमासकट प्यायले. काका त्यांच्याकडे पाहत होते.

"गोड हाय," बाबा म्हणाले.

"हाय ना."

बाबांनी पंच्यानं हात पुसले. चुन्याच्या दगडांच्या ओळीकडे पाहिलं, इकडून तिकडे, मग विहिरीकडे. मोठ्या भावानं धाकट्याच्या कामात खोड काढावी तशी मान हलवली.

"पण इथून वळवाची म्हटलं तं लई मोठं वळण घ्या लागीन गाडीले," ते म्हणाले.

"घेईन," काका म्हणाले. "तिले कुठं घाई हाय."